उंबरातलं दप्तर

प्राणी एकमेकांना पानांवर निरोप लिहीत, त्या काळातली ही गोष्ट. उंबराच्या ढोलीत प्रत्येकाचा एक खण होता. आलेली पानं पाठीच्या काट्यांना टोचून ज्याच्या त्याच्या खणात नेऊन ठेवायची, हे काम साळूकडे होतं. दुसऱ्याचं पान वाचायचं नाही आणि खण भरला असेल तर पान परत धाडायचं, हे दप्तराचे नियम.

कोल्ह्याला एक खोड होती. काहीही लिहिलं की वर ‘माहितीस्तव’ टाकून तो ते सगळ्यांना पाठवायचा. मग प्रत्येक जण सगळ्यांना उलट लिहायचा, ‘मिळाले.’ दिवस संपेतो साळूची पाठ भरून यायची.

“जुनी पानं काढा रे,” ती सांगून सांगून थकली.

“असू दे गं साळूताई,” ससा म्हणायचा. “कधी लागली तर?”

एका दुपारी हरिणीने सशाला पान पाठवलं, ‘वरचा बांध फुटतोय, बीळ सोड.’ सशाचा खण गच्च होता. पान परत गेलं.

संध्याकाळी ससा निथळत आला. बीळ वाहून गेलं होतं. “हरिणी आत्ता भेटली. माझा निरोप का नाही ठेवलास?” तो ओरडला.

साळूने त्याचा खण उपसला. त्रेचाळीस वेळा ‘मिळाले’ निघालं.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. यापुढे कोणी ‘मिळाले’ लिहायचं नाही, असं एकमताने ठरलं. कोल्ह्याने तो ठराव लिहिला आणि ‘माहितीस्तव’ टाकून सगळ्यांना धाडला.

साळू ढोलीच्या तोंडाशी बसून राहिली. पहिलं उत्तर सशाचं आलं, ‘मिळाले.’