सशांचा पाहुणचार आणि अस्वलाची पाहणी

एका जंगलाच्या उगवतीला एक टेकडी होती आणि त्या टेकडीवर सशांची वस्ती सुखाने नांदत असे. म्हणजे, वणवा लागेपर्यंत. तो वणवा असा भडकला की, मुलांनो, चंद्रावरचा ससासुद्धा कान पाडून पलीकडच्या बाजूला जाऊन बसला म्हणतात. वणवा विझला तेव्हा गवत जळून गेले होते, एकुलता एक झरा राखेने बुजला होता आणि साऱ्या वस्तीत मिळून टोपलीभर कंद उरले होते. तेही खायचे नव्हते, पेरायचे होते. वस्तीची कारभारीण होती एक सशीण. ती रोज सकाळी टोपली उघडून बघायची आणि पुन्हा झाकायची. पिले पाण्यासाठी कोसभर खाली ओढ्यावर जात. असेच आणखी महिनाभर चालले असते, तर सगळ्यांना टेकडी सोडावी लागणार होती.

अशात सिंहाच्या दरबारातून दवंडी आली : ‘वणव्यात होरपळलेल्या वस्त्यांना सरकारी मदत मिळेल. झरा उपसून मिळेल, पेरायला बियाणे मिळेल. मात्र अस्वल येऊन पाहणी करील. वस्ती खरोखर हलाखीत दिसली, तरच!’

“म्हणजे अस्वलभाऊ आपल्या दारी येणार!” सशीण उडालीच. “अरे, झाडा, सारवा, पाने अंथरा!”

“कारभारणी, झाडतेस कशाला?” एक कानतुटका म्हातारा ससा म्हणाला. “राख दिसू दे की त्याला. राख बघायलाच तर येतोय तो!”

“आणि उपाशी पाठवू? उद्या जंगलभर होईल, सशांच्या दारात गेलो आणि बसासुद्धा म्हणाले नाहीत. मान खाली घालून जगायचं मग?”

“आधी जगू तर दे. मानेचं मग बघू,” म्हातारा पुटपुटला. पण झाडू त्यानेही उचलला. पाहुणा येणार म्हटले की सशांचे पाय जमिनीवर ठरत नाहीत, त्याला कोण काय करणार!

अस्वल आले. केवढे? ते बसले तेव्हा टेकडी म्हणे दोन बोटे खाली दबली. सशांनी साळिंदराकडून मागून आणलेला मध वाढला. कुठून कुठून खुडलेला कोवळा पाला वाढला. पानावरचे सगळे संपले तरी अस्वल पानाकडेच बघत होते. सशिणीने टोपलीकडे पाहिले. पेरायला तेवढेच कंद होते. पण हात पुढे झाला आणि तिने टोपली उघडली.

“अहो वहिनी, एवढं कशाला?”

“घ्या हो भाऊ! आमच्याकडे काय कमी आहे?”

अस्वलाने टोपली रिकामी केली, मिशा पुसल्या आणि आपुलकीने विचारले, “काही अडचण असेल तर सांगा हं. मी त्यासाठीच आलोय.”

झरा, बियाणे, पिले, सगळे सशिणीच्या जिभेवर आले. पण भरल्या पोटाच्या पाहुण्यापुढे रडगाणे गायचे? “छे हो! तुमच्या कृपेनं सगळं छान चाललंय,” ती म्हणाली. मागे उभ्या पिलांनी एकमेकांकडे पाहिले.

चार दिवसांनी दरबारातून निरोप आला : ‘वस्ती स्वच्छ. जेवण पोटभर. मदतीची गरज नाही.’

सशीण मटकन खाली बसली. मग उठली आणि दोन दिवसांची वाट तुडवत दरबारात पोचली.

“या या, वहिनी!” अस्वल पुढे आले. “आधी चार घास खाऊन घ्या.”

“नको हो, आत्ताच जेवून आले,” सवयीने तिच्या तोंडून निघून गेले आणि तेवढ्यात तिचे पाय लटपटले. दोन दिवसांत तिच्या पोटात गवताची काडी गेली नव्हती. सारा दरबार बघू लागला. सशिणीचे कान लाजेने तापले. पण डोळ्यांपुढे ओढ्यावरून चढ चढणारी पिले आली आणि ती धीर करून म्हणाली, “खोटं बोलले मी. आत्ताही आणि तेव्हाही. महाराज, आमच्याकडे काही नाही. पेरायचे कंद होते, ते मीच भाऊंना वाढले. आम्हाला मदत हवी आहे.”

अस्वलाने मान खाली घातली. “माझंही चुकलं, महाराज. कंदांना कोंब होते, दिसत होते मला. पण गोड एवढे होते की विचारायचं राहूनच गेलं.”

“मग झरा तूच उपसायचास,” सिंह गुरगुरला. “बियाणं पाठीवर वाहून न्यायचंस. आणि शिदोरी घरून घेऊन जा!”

अस्वल चार दिवस नखांनी राख उपसत होते. आधी काळे पाणी आले, मग गढूळ आले, आणि पाचव्या दिवशी नितळ धार फुटली. सशिणीने पहिला द्रोण भरला आणि तो घेऊन ती तडक अस्वलाकडे निघाली. अस्वलाचीही जीभ बाहेर आली होती. अर्ध्या वाटेवर ती थांबली.

“भाऊ, जरा दम धरा हं,” ती म्हणाली आणि तिने तो द्रोण पिलांच्या तोंडाला लावला.

तात्पर्य : ज्याला मदत हवी आहे त्याने आपली गरज न लाजता सांगावी, आणि मदत द्यायला जाणाऱ्याने पाहुणचारावरून कोणाची सुबत्ता ठरवू नये.