साळुंकीबाईंचा वर्ग

माळावरच्या गवतात अजून पायवाट पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. साळुंकीबाई पिल्लांना शिकवत, की घारीची सावली दिसली तर पळायचं नाही, गवतात दबून बसायचं.

"समजलं का?" बाई विचारत.

"होऽऽ बाई!" सगळी एका सुरात ओरडत.

लावीचं थोरलं पिल्लू नुसतीच चोच उघडायचं. बाईंना ते दिसायचं. पण पावसाळ्याआधी सगळे धडे संपवायचे होते, शिवाय तपासणी जवळ आली होती. बाईंनी त्याला मागे बसवलं. तपासणीला भारद्वाजसाहेब आले, वर्गाचा होकार ऐकून खूश झाले. "वा बाई! एकही चोच मिटलेली नाही."

आठवड्याने घार आली. सगळी पिल्लं दबून बसली. लावीचं पिल्लू पळालं, आणि घारीने ते उचललं.

संध्याकाळी लावी शाळेत आली. "बाई, त्याला येत होतं ना हो? घरी येऊन सांगायचं, बाई मला कधीच रागावत नाहीत."

साळुंकीबाईंना मान वर करवेना. "येत नव्हतं, ताई. मला माहीत होतं."

दुसऱ्या दिवशी लावी धाकट्या पिल्लाला घेऊन आली. माळावर दुसरी शाळा नव्हती.