वीराईची ढाल

एका राज्यात पिठात पाणी पडले की पिठाची वाळू होई. ज्वारी दळा, नाहीतर गहू दळा, परातीत हात घातला की बोटांना वाळूच लागे. बारा वर्षे लोक कंद खात होते, शेंगा उकडत होते, आणि भाकरी कशी असते ते लेकरांना जमिनीवर गोल काढून दाखवत होते.

पूर्वी तसे नव्हते. पूर्वी त्या राज्यात वीराई होती, ढाली शिवणाऱ्याची लेक. तिने तीन स्वाऱ्या परतवल्या. दिवसा ती ढाल पुढे धरून लढे. लढाई थांबली की तीच चामड्याची ढाल धुई, उलटी ठेवी, तीत पीठ मळी आणि दोन्हीकडच्या जखमींना एकाच पंगतीत जेवू घाली. राजा आणि झाडूवाला मांडीला मांडी लावून बसत. कुणी पाया पडू लागले तर ती म्हणे, "वाकायचंच असेल तर चुलीपुढे वाक आणि फुंकर घाल." लोक तिला संत म्हणत. ती हसे आणि भाकरी उलटवी.

वीराई गेली, नवा राजा आला. त्याचा भांडारी काळदंभ हा जादूगार होता. तो म्हणाला, "महाराज, संताची ढाल, आणि चामड्याची? शोभत नाही." राजाला पटले. ढालीवर सोन्याचा पत्रा चढला, ती भांडारात कुलूपबंद झाली. त्याच दिवशी पिठाची वाळू झाली. राजाला वाटले, मान कमी पडला. त्याने आणखी सोने चढवले. वाळू होतच राहिली.

मग दवंडी पिटली: शाप सोडवील त्याला भांडार खुले. काळदंभाने तीन कसोट्या लावल्या. जो चुकेल तो दगड. चाळीस वीर दगड झाले. एक्केचाळिसावी गेली हिराई, ढाली शिवणारी. तीही परतली नाही. तेव्हा तिची लेक साळू कमरेला चामडे तासायची रापी खोचून भांडाराच्या दारात उभी राहिली. आईला घेऊन यायचे, नाहीतर तिच्याशेजारी दगड होऊन राहायचे, एवढेच तिने ठरवले होते.

दारावर टिटवी होती. ती बोलत असे.

"आणखी एक धोंडा आला," टिटवी म्हणाली.

"चोच आवर. कसोटी सांग."

"अंगण ओलांड."

अंगणात शंभर तलवारी हवेत लटकत होत्या. मधोमध वीराईची सोन्याची पावले होती. तिथे वीस वीर दगड झाले होते, आणि वीसही जण नमस्काराला वाकलेले होते. साळूने ते पाहिले. ती ताठ मानेने चालत गेली. एकही तलवार हलली नाही.

"बरी आहेस," टिटवी म्हणाली. "आता शंभरांतून वीराईची ढाल ओळख."

शंभर सोनेरी ढाली, सगळ्या सारख्या. साळू एकेक हुंगत निघाली. सोन्याला वास नसतो. सत्तराव्या ढालीला बाभळीच्या सालीचा वास आला, चामडे कमावतात त्या सालीचा.

तिने ढाल उचलली, तोच काळदंभ पुढे आला. "हिचा मान वाढव. ही तिसरी कसोटी."

त्याच्या मागे हिराई दगड होऊन उभी होती. तिच्या चिमटीत गळ्यातला एकुलता एक सोन्याचा मणी होता. ढालीवर जडवायला तिने तो काढला होता. आईसुद्धा फसली, साळूच्या मनात आले. मग तिने रापी काढली आणि पत्र्याखाली घातली.

"पोरी! संताच्या ढालीला हत्यार लावतेस?"

"चामड्याला चामडेवालीचाच हात लागतोय, भांडारी. सरका."

पत्रा खणकन पडला. त्याला बांधून ठेवलेली काळदंभाची सावली सुटून पळाली, आणि सावलीवाचून जादूगाराची जादू चालत नाही. तो साधा म्हातारा उरला. दगड मात्र दगडच राहिले; भाकरी झाल्याशिवाय शाप सुटणार नव्हता.

साळूने भर चौकात ढाल धुतली, पीठ घेतले. राजा सिंहासन उचलवून घेऊन आला.

"आम्ही चामड्यात मळलेलं खावं?"

"बारा वर्षं नमस्कार केलेत, महाराज. आता जेवायला बसा."

राजा सिंहासनावर बसला. ढालीतल्या पिठाची वाळू होऊ लागली.

"खाली!" साळू ओरडली. "पंगतीत! माझी आई तिकडे दगड झालीय!"

राजाने एकवार पिठाकडे पाहिले, मुकुट काढला आणि तो झाडूवाल्याशेजारी मांडी घालून बसला. पीठ मळून आले. पहिली भाकरी तव्यावर टम्म फुगली, आणि भांडारातले एक्केचाळीस दगड माणसे झाले.

हिराई धावतच चौकात आली. तिने ढालीत बोट घातले. "पीठ सैल झालंय गं, साळे," ती म्हणाली आणि लेकीला कवटाळून बसली.

त्या राज्यात वीराईचे देऊळ नाही. ढाल रोज नव्या घरी जाते. दर्शन हवे असेल त्याने आज ती कुणाकडे आहे ते विचारावे, आणि जेवणाच्या वेळेला तिथे जावे. भाकरी मिळेल, आणि कथाही तिथेच पुरी होईल.