अकरा कोकरांची भूल

"पर कोकरू कशापायी हलवायचं, डाक्टर?"

सिदूबाबांनी विचारलं आणि पुन्हा लोकर पिंजायला लागले. बिरोबाच्या माळावरचे हे नव्वदीचे धनगर. लांबलांबचे लोक आपली कोडी घेऊन त्यांच्याकडे येत. डॉ. वामन साबडे यांचं कोडं मात्र उत्तरासकट आलं होतं. शाबासकी तेवढी हवी होती.

"तान्ह्या बाळाला कुणी रागाच्या भरात गदागदा हलवलं, की मेंदूत रक्त उतरतं," साबडे म्हणाले. "वरून काही दिसत नाही. घरचे सांगतात, झोळीतून पडलं. खरं काय ते बाळांवर प्रयोग करून तर बघता येत नाही. म्हणून कोकरं. अकरा. यंत्रात घालून."

"मेली?"

"...हो."

"कोकरू तर मान धरूनच जल्मतं. तान्ह्या लेकरानं कुठं मान धरलेली आसती?"

साबडे खुलले. याच प्रश्नाच्या उत्तरावर त्यांनी परदेशात टाळ्या घेतल्या होत्या.

"म्हणून तर भूल देतो, बाबा. भूल चढली की कोकरू मान सोडतं. अगदी तीन महिन्यांच्या बाळासारखं. शिवाय त्याला काही कळतही नाही."

"मग आडलंय कुटं?"

अडलं होतं येत्या गुरुवारच्या साक्षीवर. कोर्टात. तान्ह्या जुळ्या मुलींतली एक गेली होती. बाप म्हणत होता, झोळीतून पडली. दुसरी अजून त्याच घरात होती, त्याच बापाच्या हाती. वकील विचारणार होता, कोकरांवरून माणसाचं सांगता, खात्री आहे तुम्हाला? आणि चाळीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवलेला 'खात्री' हा एक शब्द साबड्यांच्या तोंडून निघत नव्हता.

"चुकलो तर निर्दोष बाप तुरुंगात जाईल," ते म्हणाले. "आणि गप्प बसलो तर..."

बाबा उठले. वाघरातून, मेंढ्यांभोवतीच्या जाळीतून, परवाच जन्मलेलं कोकरू उचलून आणलं आणि साबड्यांच्या पुढ्यात धरलं.

"दाव. कसं हलवत्यात."

"मी? छे... ते यंत्र करतं."

"मग हलवू नगंस. नुस्तं धर."

साबड्यांनी धरलं. दोन्ही हातांनी, फासळ्यांपाशी, तोंडासमोर.

ऊब होती. तळव्यांत इवलं काळीज धडधडत होतं. कोकरानं मान ताठ करून थेट त्यांच्याकडे पाहिलं.

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कोकरू असं हातात घेतलं होतं.

मग त्यांची नजर स्वतःच्या अंगठ्यांवर गेली.

छातीच्या मध्यावर. दोन बाजूंना, एकेक.

त्या गेलेल्या मुलीच्या शवविच्छेदनाच्या फोटोत नेमके तिथेच दोन निळसर डाग होते. त्यांनी ते पाहिले होते. पाहून पान उलटलं होतं. त्यांचा विषय डोकं होता.

त्यांनी हात मागे ओढले. बाबांनी कोकरू वरच्यावर झेललं.

वाघरातून मेंढी ओरडली. कोकरानं ओ दिली.

"अंगठे..." साबडे म्हणाले. "बाबा, तिच्या छातीवर अंगठ्यांचे डाग होते. पडून असे उठत नाहीत. महिनाभर माझ्या टेबलावर होते. आणि मी... अकरा जीव..."

बाबांनी कोकरू आईला लावलं. परत येऊन लोकर पुढ्यात ओढली. पिंजत राहिले.

साबड्यांनी विचारलं, "कोर्टात काय सांगू?"

"भूल उतारली की मानूस पयलं काय म्हनतंय, डाक्टर?"

"...दुखतंय."

"मग उतारली तुजी. जा."