पाच हजार चाळीसची बाकी

आकड्यांना अजून कुणी पाटीवर मांडलं नव्हतं, तेव्हा ते एका माळावर गाव करून राहत. त्या गावात पाच हजार चाळीस नावाचा एक मोठा, वयस्कर आकडा होता. सगळे त्याला आबा म्हणत.

उजाडलं की दोन यायचा आणि आबांचे दोन सारखे वाटे करायचा. मग तीन, मग चार, असे थेट दहापर्यंत सगळे. प्रत्येकाचा भाग पुरता जायचा, बाकी शून्य. “आबांसारखं कुणी नाही,” म्हणत जो तो खुशीत निघून जायचा आणि आबा आपले वाटे पुन्हा गोळा करत बसायचे. भागून उरेल ते त्या आकड्याचं स्वतःचं, असा गावचा रिवाज होता. आबांकडे आजवर काही उरलंच नव्हतं.

एकदा दिवस कलताना अकरा आला आणि दारातच घुटमळला. “आबा, माझं फारसं कुणाशी जमत नाही. तुमच्याशी जमेल का?”

आबांचे गुडघे दुखत होते. “ये बाबा, तूही भागून बघ.”

अकराने जपून अकरा वाटे केले. प्रत्येक वाट्याला चारशे अठ्ठावन्न आले आणि दोन उरले. त्याची मान खाली गेली. “माफ करा आबा, मला नाही जमलं.”

आबांनी ते दोन उचलून मांडीवर घेतले आणि कितीतरी वेळ त्यांच्यावरून हात फिरवला.

“उद्यापासून रोज ये,” ते म्हणाले, “पण सगळ्यांच्या शेवटी ये.”