धुरपेचा शाप आणि न जळणारे कागद

एका राज्यात एक नगरी होती, आणि त्या नगरीत माणसांपेक्षा कागद जास्त होते.

पूर्वी असे नव्हते. पूर्वी तिथे बाजार भरे, विहिरीवर घागरी वाजत. मग एके वर्षी राजाची स्वारी येणार म्हणून कोतवालाने दप्तरखाना झाडून काढला. न वाचता, न विचारता जुने कागद चौकात पेटवले. त्यांत धुरपा नावाच्या जादूगारणीच्या शेताची सनद होती. सनद जळाली, तसे शेजाऱ्याने शेत गिळले. धुरपा अर्ज घेऊन आली. अर्ज ठेवून घेतला गेला, पण कोणी मान वर करून तिच्याकडे पाहिले नाही.

तेव्हा ती वेशीवर उभी राहून म्हणाली, "एक कागद राखवला नाही तुम्हांला? आता सगळे राखा! इथे कागद जळणार नाही, भिजणार नाही, कुजणार नाही. दर पाडव्याला एकाचे दोन होतील."

तसेच झाले. दप्तरखाना भरला, धर्मशाळा भरली, मग घरे भरू लागली. लाल फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे माळ्यावर चढले, चुलीपाशी आले, पाळण्यात निजले. माणसे एकेक आळी सोडून गेली. राजाने मांत्रिक पाठवले, त्यांची आग कागदाला लागताच विझली. पुढे राजाचे हुकूम येणेही थांबले.

मागे राहिला दप्तरदार रायाजी. त्याची बायको सगुणा वारली होती, मूलबाळ नव्हते. शेजारी म्हणाले, "चला, रायाजी." तो म्हणाला, "मी गेलो, तर कोणाचे काय कुठे आहे, सांगणार कोण?" पण विचारायला कोणी आलेच नाही. तो सकाळी गठ्ठे सोडी, उन्हात देई, पुन्हा बांधी. दुपारी उंबऱ्यावर बसून रस्त्याकडे पाही. वारा येई, दोन कागद सरकवी, निघून जाई.

एके सकाळी खिडकीत भारद्वाज पक्षी येऊन बसला.

"दप्तरदार, कागद विहिरीत उतरले. आता पाणीही राहणार नाही."

"मग मी काय करू?"

"धुरपेकडे जा. काळ्या माळावर राहते. तिच्यावर मंत्र टाकायला पुष्कळ गेले. तिला विचारायला कोणी गेले नाही."

रायाजी गेला. माळावर गवताची काडी नव्हती. म्हातारी धुरपा आगटीपाशी एकटीच बसली होती.

"शाप मागे घ्या, आई," रायाजी म्हणाला.

"तीन कागद आण. पहिला, ज्यावर कोणाची भाकरी आहे. दुसरा, ज्याचे काम पुरे झालेले नाही. तिसरा, ज्याचा कोणाला उपयोग नाही, तरी तुझ्याने सोडवत नाही."

रायाजीने घरामागून घर उपसले. पहिला कागद सापडला तो नावाड्यांच्या उतारहक्काचा, म्हणजे लोकांना नदीपार नेण्याच्या हक्काचा. "हा गेला तर नदी त्यांना परकी होईल," तो धुरपेला दाखवून म्हणाला. धुरपा म्हणाली, "हा कायमचा राख."

दुसऱ्यासाठी त्याची बोटे सोलली. शेवटी एका गठ्ठ्याच्या तळाशी एक अर्ज निघाला: 'माझ्या शेताची सनद आपल्या हातून जळाली. न्याय व्हावा.' खाली उत्तराची जागा कोरी होती. रायाजीने तो धुरपेपुढे धरला, तशी तिची मान खाली गेली.

"हा माझा आहे."

"होय, आई. याचे काम होईतो हा राखला पाहिजे. मी स्वतः राजापुढे नेईन."

"आणि तिसरा?"

तिसरा शोधावा लागला नाही. तो त्याच्या बाराबंदीत, छातीपाशी होता. सगुणेने एकदा दारापुढे पाणपोईचा रांजण मांडायची परवानगी मागितली होती, तो अर्ज. परवानगी मिळाली, रांजण मांडला, पुढे फुटलाही. कागदाखाली तिचा शाईचा अंगठा होता.

"याचा कोणाला उपयोग?"

"कोणाला नाही."

"तुला?"

रायाजीने त्या अंगठ्यावरून बोट फिरवले. मग म्हणाला, "तिच्या हाताचे एवढेच उरले आहे. पण हे दप्तराचे काम नव्हे."

"मग आगीत घाल."

त्याने कागद एकदा मोठ्याने वाचला, सगुणेचे नाव घेतले आणि आगटीत सोडला. कागद पेटला. अंगठा तांबूस झाला, आक्रसला, गेला. रायाजी लहान मुलासारखा रडला. धुरपेने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"न वाचता जाळणारे मी पाहिले," ती म्हणाली. "वाचून, ओळखून निरोप देणारा आज पाहिला. जा, शाप संपला."

त्याच क्षणी नगरीत वाढलेले सारे कागद धूळ होऊन उडाले, मूळचे तेवढे राहिले. माणसे परतू लागली, तशी रायाजीने कागदांची निवड केली. जाळायच्या कागदांवरची नावे आधी चौकात पुकारली, कोणी हक्क सांगायला येते का याची वाट पाहिली, मगच अग्नी दिला. रायाजीने धुरपेचा अर्ज राजापुढे नेला; राजा तो घेऊन माळावर पायी गेला आणि नव्या सनदेसह तिचे शेत तिला देऊन आला.

आळ्या पुन्हा भरल्या. एका संध्याकाळी दप्तरखान्याला कुलूप घालून रायाजी अंगणात नुसता उभा होता. घरी जाण्यासारखे काही नव्हते. कुंपणापलीकडे कोणीतरी फोडणी दिली. मग एक बाई कुंपणाशी येऊन म्हणाली,

"रायाजीभाऊ, पानं घेतली आहेत. येता ना?"

ती कोणाला बोलावते आहे, हे त्याला पटकन कळले नाही. कळले तेव्हा तो म्हणाला, "आलो."

त्याला जशी हाक आली, तशी एकट्यादुकट्या सर्वांना येवो.