बरणीतला हत्ती

भिवराला रात्रभर झोप नव्हती. सकाळी लोणच्याच्या बरण्या गाडीत घालून नदीपलीकडे लग्नघरी पोचवायच्या, आणि नदीच्या उतारावरच शिपायांचा नाका! उदेभान राजाच्या हत्तीचं पिल्लू चोरीला गेल्यापासून शिपाई दिसेल ती गाडी अडवत, दिसेल ते भांडं उघडत. नदीवरचे ओले हात बरणीत गेले की लोणच्याला बुरशी आलीच. मागल्या खेपेचा माल असाच फेकावा लागला होता. आता हाही गेला, तर धंदाच बुडाला!

"राजालाच जाऊन सांगते," ती नवऱ्याला म्हणाली. मग लगेच, "पण माझं कोण ऐकणार?" मग परत, "नाही, जातेच!" शेवटी लहानग्या ठकूला कडेवर घेऊन गेली एकदाची दरबारात.

राजा हट्टाला पेटलेला. "पिल्लू सापडेपर्यंत झडती चालूच राहील!"

"पण महाराज, बरणीत ओले हात..."

"कुरकूर नको! चोर सुटणार नाही आणि साव नाडला जाणार नाही, अशी झडती तूच घेऊन दाखव. जमलं तर नाका उठवतो. नाही जमलं, तर सगळ्या बरण्या जप्त!"

कुठून बुद्धी झाली आणि इथं आले! तेवढ्यात सरदार रंगराव मिशीला पीळ देत फिस्सकन हसले. तशी ती चिडली, आणि चिडल्यावर तिला नेहमीच बरं सुचायचं.

"महाराज, माझी म्हैस हरवलीय. इथं शोधू?"

"खुशाल शोध!"

"मग आधी मुगुट काढा."

राजानं दोन्ही हातांनी मुगुट धरला.

"मुगुटात म्हैस? वेड लागलंय का तुला?"

"मावत नाही म्हणता? मग माझ्या बरणीत हत्ती कसा मावेल, महाराज?"

राजा खो खो हसत सुटला. "बरं बाई! मग बघायचं कुठं?"

"मावेल तिथं. आणि काही कारण दिसलं तरच. मी नाक्यावर ताटकळते ना, तेव्हा माझ्यापुढून रंगरावांची गाडी जाते, केळीच्या खुंटांनी भरलेली. शिपाई तिला मुजरा करून सोडतात. महाराज, यांच्याकडे आहेत नुसते घोडे. घोडे कधीपासून केळीचे खुंट खायला लागले?"

रंगरावांच्या मिशीचा पीळच सुटला! दुपारच्या आत पिल्लू त्यांच्या आमराईत सापडलं.

राजानं नाका उठवला. दवंडी पिटवली: कारणाशिवाय गाडी अडवायची नाही, आणि हरवलेली वस्तू मावणार नाही तिथं हात घालायचा नाही. "कोरडासुद्धा नाही!" त्यानं दरडावून सांगितलं. भिवराला भरजरी लुगडं मिळालं, राजवाड्याच्या लोणच्याचं कामही मिळालं.

"आणि आता तुमची म्हैस!" राजानं ठकूचा गालगुच्चा घेतला. "सगळे शिपाई लावतो शोधायला. सांग बरं, दिसायला कशी होती?"

ठकूनं राजाकडे पाहिलं, मग भिवराकडे.

"आई, आपल्याकडं म्हैस कधी होती गं?"